पडलेलं लव्हाळं

वकीलबाईने उभ्या जन्मात कोर्टाची पायरी पाहिली नव्हती. हे नाव तिला सासूने ठेवलं, आणि तेही नव्या नवरीची हळद उतरायच्या आत. दाराशी आलेल्या एका गिऱ्हाइकाने टोपलीचा काठ सैल असल्याची तक्रार केली होती. सुनेने त्या काठाची, त्या लव्हाळ्याची आणि शेवटी त्या माणसाच्या टोपली धरायच्या पद्धतीची अशी काही बाजू मांडली, की तो बिचारा एकीच्या जागी दोन टोपल्या घेऊन गेला. "ही तर वकीलबाईच आली घरात," सासूबाई म्हणाल्या, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. तिचा नवरा जन्मात चार वाक्यं सलग बोलला नव्हता, म्हणून तो मौनीबाबा. मांडीवरची तान्ही पोर ठमी. ती अजून फक्त "अँग" म्हणायची, पण आजीच्या मते त्यातही आईचं वळण दिसत होतं.

घराच्या मागच्या अंगाला त्यांचं विणकामाचं दालन होतं. एका कडेला हौद, त्यात लव्हाळं भिजत पडलेलं, आणि साऱ्या घराला त्या ओल्या हिरव्या गवताचा वास. सासूबाई टोपल्या आणि तान्ह्या बाळांच्या परड्या विणत, मौनीबाबा खुर्च्या विणून देई, आणि वकीलबाई ठमी झोपली की दोन्ही करी. एक पाय पाळण्याच्या दोरीत, दोन्ही हात लव्हाळ्यात. ठमी जागी झाली की हातातली ओळ तशीच अर्धी राहायची. त्या घरात अशा अर्ध्या ओळी पुष्कळ होत्या.

हे लव्हाळं यायचं तळ्यावरून. तळं होतं काठच्या लोकांचं. गाव वसण्याच्या कितीतरी पिढ्या आधीपासून ते तिथे राहत होते. त्यांची बोली वेगळी, पाण्याशी वागायची रीत वेगळी. मध्ये बरीच वर्षं तळं त्यांचं असूनही त्यांचं नव्हतं. एक ठेकेदार हवं तेव्हा गाडी घालायचा, हवं तेवढं कापून न्यायचा आणि गावातल्या विणकरांना विकायचा. कुठून आणलं, कोणाला विचारून आणलं, हे विणकरांनी कधी विचारलं नाही. आता मोठ्या झगड्यानंतर काठ पुन्हा काठच्या लोकांच्या ताब्यात आला होता. त्यांनी पहिली गोष्ट केली ती ठेकेदाराची गाडी बंद. दुसरी म्हणजे गावात निरोप धाडला: ज्याला लव्हाळं हवं असेल, त्याने स्वतः यावं आणि बोलावं.

"स्वतः यावं आणि बोलावं," सासूबाईंनी पुन्हा म्हणून पाहिलं. हौदात शेवटचा भारा भिजत होता. फळीवर प्लॅस्टिकच्या पट्टीचं एक चकचकीत भेंडोळं होतं, विक्रेता नमुना म्हणून ठेवून गेला होता. भिजवायला नको, सुकवायला नको, वाससुद्धा नाही, असं तो म्हणाला होता. "वास नाही, तेच तर," सासूबाई पुटपुटल्या होत्या. पण हौद कोरडा पडला तर त्या भेंडोळ्याला हात लावावाच लागणार, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

"बोलायचंच आहे ना?" वकीलबाई ठमीला खांद्यावर थोपटत म्हणाली. "मग तुम्ही कशाला काळजी करता, आई?"

"मी लव्हाळ्याची काळजी करत नाही. त्या लोकांची करतेय," सासूबाई म्हणाल्या.

काठावरच्या उघड्या छपरात एक वयस्क बाई जाळं दुरुस्त करत बसली होती. तिला लहानथोर सगळेच आत्या म्हणत, तेव्हा वकीलबाईही आत्या म्हणाली. आत्याने तिच्याकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, आणि जाळ्याचं एक टोक तिच्या हातात दिलं. "ताणून धर."

वकीलबाईने टोक धरलं आणि बाजू मांडायला सुरुवात केली. आम्ही ठेकेदारासारखे नाही. आम्ही मुळापासून उपटत नाही. आमच्या हातची परडी पोर रांगायला लागलं तरी टिकते. माझ्या सासूबाई म्हणजे लव्हाळ्यातल्या डॉक्टर. ठमीने मधूनमधून पुरवणी जोडली. आत्या गाठी मारत राहिली. भाषण संपलं तेव्हा जाळंही संपत आलं होतं.

"बरं," आत्या म्हणाली.

"म्हणजे चालेल?"

"परत ये," आत्या म्हणाली, आणि जाळं गुंडाळायला लागली.

वकीलबाई तरंगतच निघाली. बरं म्हणाल्या, परत ये म्हणाल्या, आणखी काय हवं? मौनीबाबा गाडीपाशी थांबला होता. वाटेत काठाला वाऱ्याने आडवं पडलेलं लव्हाळं जागोजागी ढिगाने साचलं होतं. पिवळसर, लांब, मऊ. ती थांबली. कापायचं तर अजून ठरलेलं नाही, ते खरं. पण झाडाखाली पडलेलं फळ वाटसरूने उचललं तर कोणी रागावतं का? एकही उभी काडी न मोडता, जमिनीवरचं तेवढंच घ्यायचं. यात तर उलट आपला विनय दिसतो. तिने सगळ्यात जाड ढीग पाहिला आणि ठमीला नवऱ्याकडे देऊन चांगला भाराभर उचलला.

"विचारलंस?" मौनीबाबा म्हणाला.

"पडलेलं आहे," वकीलबाई म्हणाली.

त्या लव्हाळ्याची तिने एक टोपली विणली. ठमीच्या झोपांमध्ये, तुकड्यातुकड्याने. तळ चौकोनी, काठ दुहेरी वळलेला, कान असे की धरल्यावर सोडवत नाहीत. सासूबाईंनी उलटीपालटी करून पाहिली आणि खोट काढली नाही, म्हणजे त्यांच्या परीने आरतीच ओवाळली. "त्यांचं लव्हाळं, आपले हात," वकीलबाई म्हणाली. "पुढच्या खेपेला आत्यांना हीच भेट."

पुढच्या खेपेला छपरात आत्याबरोबर तिची भाची होती. काठच्या मुलांच्या शाळेत शिकवायची, म्हणून तिला मास्तरीण म्हणत. वकीलबाईने टोपली पुढे केली. आत्याने ती घेतली, काठावरून बोट फिरवलं, आणि तिचा चेहरा हळूच मिटला.

"लव्हाळं कुठलं?"

"इथलंच. पण एक काडी कापली नाही हो. वाटेवर पडलेलं तेवढंच घेतलं."

आत्या आणि मास्तरीण आपसात त्यांच्या बोलीत काही बोलल्या. मग मास्तरीण वकीलबाईकडे वळली. "तुमच्या गावातले लोक आमच्याकडे दोनच कामांना येतात. काही न्यायला, नाहीतर फोटो काढायला. तुम्ही फोटो काढला नाहीत, एवढं बरं."

"काय चुकलं ते तर सांगा."

आत्याने टोपली खाली ठेवली. "उभं असतं ते माणसांचं, पोरी. त्यातलं मागता येतं, देता येतं. पडलेलं आम्ही केव्हाच देऊन टाकलेलं असतं. ते पाखरांचं. पाणकोंबडी त्या ढिगात घर करते. पिल्लं पोहायला लागेपर्यंत आमचं शेंबडं पोरही त्याला हात लावत नाही. तू ढीग नेलास त्या जागी एक पाणकोंबडी होती. अंडी नव्हती, तेवढं नशीब. जागा धरून बसली होती. दुसऱ्या दिवशी बघते तर काठाने खालीवर फिरतेय. घर कुठे गेलं म्हणून."

वकीलबाईच्या तोंडाशी सतरा वाक्यं आली. मला कसं कळणार? तिथे पाटी का नाही? कापण्यापेक्षा पडलेलं घेणं केव्हाही चांगलं, असं आमच्याकडे लहानपणापासून... ठमी तिच्या पदरात तोंड खुपसून दूध शोधत होती. तिने पोरीला जवळ घेतलं, आणि सतरांपैकी एकही वाक्य बाहेर पडलं नाही. बाळंत होऊन घरी आली तेव्हा तिने स्वतः आधी पाळण्याचा कोपरा धरला होता. तो कोणी हलवला असता तर तिने गाव डोक्यावर घेतलं असतं.

"भरून कसं द्यायचं?" तिने विचारलं.

"गेलेलं भरत नाही," आत्या म्हणाली. "ही टोपली जिथलं लव्हाळं आहे तिथे ठेवून ये. मग आमच्या बैठकीत ये. सगळ्यांसमोर सांग, काय केलंस ते. का केलंस ते सांगायचं नाही. का, ते आम्ही विचारलं तरच."

"आणि विचारलं नाहीत तर?"

"तर तुझ्याजवळच ठेव. नासत नाही ते."

निघताना मास्तरीण सोबत आली. वकीलबाईने ढिगाच्या रिकाम्या जागेवर टोपली ठेवली. चिखलात ती टोपली भलतीच नटलेली दिसत होती, सारवणाच्या कामाला शालू नेसून गेल्यासारखी.

"मागच्या वेळी आत्या बरं म्हणाल्या होत्या," वकीलबाई म्हणाली.

"आत्याचं बरं म्हणजे ऐकलं. हो म्हणायचं असेल तेव्हा ती हो म्हणते. तिला येतं हो म्हणायला." मास्तरणीच्या ओठांच्या कडेला किंचित हसू होतं.

घरी ही हकीकत ऐकून सासूबाईंनी कपाळाला हात लावला. मग हात काढला आणि म्हणाल्या, "पडलेलं घेतलंस, त्यात काय, असं मीच म्हणाले असते. तुझी एकटीची अक्कल नाही गेली, माझीही गेली." वकीलबाईला सासूकडून मिळालेला हा सर्वांत मोठा आधार होता.

पुढचे काही दिवस घरात सराव चालला. काय ते सांगायचं, का ते नाही. ऐकायला किती सोपं. दुपटी वाळत घालताना वकीलबाई सुरू करायची, "मी न विचारता लव्हाळं उचललं, कारण मला वाटलं..." आणि मौनीबाबा बोट वर करायचा. पुन्हा. "मी लव्हाळं उचललं, ते पडलेलं होतं म्हणून..." बोट वर. न बोलता अधिकार गाजवायचा असा योग त्याला आयुष्यात पहिल्यांदाच आला होता, आणि त्याने तो मनापासून भोगला.

"कारणाशिवाय गोष्ट नुसती उघडी दिसते रे," ती वैतागून म्हणाली.

"हं," मौनीबाबा म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "म्हणूनच असेल."

बैठकीला सासूबाईही आल्या. "माझी सून, माझा हौद, मी घरी बसून काय करू?" गुडघे धरत त्या छपरात मागे टेकल्या. काठची बरीच माणसं जमली होती. कोणी जाळं आणलं होतं, कोणी नातवंड. कोणी डोळे वटारले नव्हते आणि कोणी हसूनही स्वागत केलं नव्हतं. वकीलबाई उभी राहिली. तिने ठमीला कडेवर घट्ट धरलं.

"मी न विचारता तुमच्या काठावरून पडलेलं लव्हाळं उचललं," ती म्हणाली. "भाराभर. तिथे पाणकोंबडीने जागा धरली होती. ती मी मोडली."

बस. एवढंच. तिला वाटलं होतं मोठी गोष्ट आहे, सांगायला वेळ लागेल. कारणं काढून घेतल्यावर ती एवढीशी उरली, आणि तरी किती जड होती. जिभेवर 'कारण' येऊन उभं राहिलं होतं. तिने ते गिळलं. मागे मौनीबाबाचं बोट अर्धं वर आलेलं होतं, ते त्याने खाली घेतलं.

पाणी काठाला लागल्याचा आवाज येत होता. ठमी म्हणाली, "अँग." एक म्हातारा हसला आणि लगेच गंभीर झाला.

"का, ते कोणाला विचारायचंय?" आत्याने सगळ्यांकडे पाहिलं. कोणी विचारलं नाही. मास्तरणीने मात्र मान वर केली.

"मला दुसरंच विचारायचंय. तुम्हाला आता काय हवंय?"

वकीलबाईने मागे सासूकडे पाहिलं. हौदाचा तळ परवाच दिसायला लागला होता. एक भारा मागितला तर कदाचित मिळेलही. आज चूक कबूल केलीय, माणसं मऊ झाली असतील. ठेकेदाराने हाच क्षण पकडला असता. सासूबाई तिच्याकडे पाहत होत्या, आणि त्यांनी ना हो म्हटलं ना नको.

"लव्हाळं हवंय," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? आमचं घर त्याच्यावर चालतं. पण पाखरं आहेत तोवर नको. त्यांचं झालं की मी येऊन विचारेन. तेव्हा नाही म्हणालात, तर नाही."

"बरं," आत्या म्हणाली.

या वेळी वकीलबाईने पुढे काही विचारलं नाही.

गाडीत, घर जवळ आल्यावर, सासूबाई म्हणाल्या, "पाखरं उडेपर्यंत लव्हाळं जून होईल. जून लव्हाळं वळताना मोडतं."

"रागावलात, आई?"

"मी लव्हाळं जून होईल एवढंच सांगतेय. राग आला की मी राग आला असंच सांगते, तुला माहीत आहे." मग खिडकीबाहेर बघत, "मीही तेच मागितलं असतं की काय, याचा विचार करतेय. नसतं मागितलं. मी एक भारा मागितला असता."

हौद कोरडा पडला. सासूबाईंनी तो धुऊन पुसून स्वच्छ ठेवला. उरल्यासुरल्या काड्यांतून मौनीबाबाने जुन्या खुर्च्यांच्या दुरुस्त्या केल्या. प्लॅस्टिकवाला येऊन गेला. नव्या परड्यांसाठी आलेल्यांना सासूबाई ताठ मानेने सांगत, "लव्हाळ्याच्या परड्या पाखरं उडाल्यावर." लोकांना ती विणकरांची काहीतरी जुनी म्हण वाटे. काहीजण थांबले, काहीजण दुसरीकडे गेले. गेलेल्यांना सासूबाई ते पाठमोरे झाल्यावर नावं ठेवत.

वकीलबाई मात्र दर बाजाराच्या दिवशी काठावर जात राहिली. काही मागायला नाही. जाळ्याचं टोक धरायला. सुरुवातीला मास्तरणीला त्यात काहीतरी डाव वाटला. मग एकदा ठमीने तिच्या वेणीत हात अडकवला, तो सोडवता सोडवता दोघी दात येण्याच्या त्रासावर बोलायला लागल्या, आणि तो विषय काही संपला नाही. वकीलबाई ऐकायला शिकली असं म्हणता येणार नाही. पण बोलताना मध्ये श्वास घ्यायला लागली, आणि त्या फटीत आत्या आपलं म्हणणं सरकवायची. पाण्याकडे दोघींपैकी कोणी बोट दाखवायचं नाही. दिसायची मात्र ती पाणकोंबडी: काळी, लाल चोचीची, मागे कापसाच्या बोंडांएवढी पिल्लांची माळ.

एके दिवशी माळ दिसली नाही. वकीलबाईने जाळ्याचं टोक खाली ठेवलं.

"आत्या, विचारायला आलेय. लव्हाळं कापायला मिळेल?"

"हो," आत्या म्हणाली. तिला खरंच येत होतं हो म्हणायला. "विळा घेऊन ये. आधी आमच्या छपरांपुरतं सगळ्यांनी मिळून कापायचं, मग तुमचं. पाण्याकडची पट्टी उभी ठेवायची. आणि तुझ्या सासूला आण. तिला मी मघापासून एक गोष्ट विचारीन म्हणतेय."

"मघापासून?"

"त्या बैठकीपासून."

कापणीच्या दिवशी सगळं घर काठावर होतं. मौनीबाबा गुडघाभर पाण्यात, काठच्या पुरुषांच्या रांगेत, आणि तिथेही कोणी बोलत नव्हतं, त्यामुळे तो भलताच खूश. आत्याने सासूबाईंना विचारलं ते एवढंच, की टोपलीचा तो दुहेरी काठ कसा वळता. सासूबाईंनी विचारलं, जून लव्हाळं मोडू नये म्हणून तुम्ही काय करता. आत्या म्हणाली, सावलीत सुकवतो. सासूबाई म्हणाल्या, सावलीत? आणि दोघी एका भाऱ्यावर बसून अशा काही भांडायला लागल्या की लांबून कोणालाही सख्ख्या बहिणी वाटाव्या.

वकीलबाई विळा कमरेला खोचून त्या जुन्या जागेपाशी आली. टोपली अजून तिथेच होती, ऊन खाऊन तपकिरी झालेली. तिच्यापासून हातभर अंतरावर, पडलेल्या लव्हाळ्यात, पाणकोंबडीचं रिकामं घरटं होतं. वेडंवाकडं, काड्या कुठेही खुपसलेल्या, काठाचा पत्ता नाही. टोपलीत एक बेडूक बसला होता.

"आई," तिने हाक मारली, "बघा तरी. एवढं घर विणून ठेवलं, बाईसाहेबांनी शेजारी स्वतःचं बांधलं."

सासूबाई आणि आत्या दोघी आल्या. सासूबाईंनी घरटं बारकाईने पाहिलं, कोणाचं हातकाम पारखावं तसं. "काठ सैल आहे," त्या म्हणाल्या.

"पिल्लं पोहत गेली," आत्या म्हणाली.

सासूबाईंनी पुन्हा वाकून घरटं पाहिलं, या वेळी काठ सोडून, आणि वकीलबाईने ते मनात जपून ठेवलं.

तिने ठमीला खाली ठेवलं होतं. ठमी आता बसायला लागली होती. तिने हात लांब करून पडलेल्या लव्हाळ्याची एक काडी मुठीत धरली आणि तोंडाकडे नेली. वकीलबाई झटकन वाकली आणि मूठ सोडवायला लागली. एक बोट उघडलं की दुसरं मिटत होतं.

"राहू दे गं," आत्या म्हणाली. "पाखरं गेली आता."

"नाही आत्या," वकीलबाई म्हणाली, "आधी विचारू दे तिला." तिने ठमीला आत्यापुढे धरलं, काडीसकट. ठमीने आत्याकडे पाहिलं. मोठ्या माणसांच्या इतक्या गंभीर चेहऱ्यांचा अर्थ तिला लागत नव्हता. मग तिने काडी हलवली आणि तिला येत होतं ते सगळं बोलून टाकलं.

"अँग."

"हो," आत्या म्हणाली.